पार्किंगमधली जुनी फियाट: घ्यायची, उभी करायची की सोडून द्यायची?

सध्या पुण्यात जुने बंगले आणि सोसायट्या ज्या वेगाने रिडेव्हलपमेंटला जातायत त्याच वेगाने त्यांच्या गॅरेजमधून जुन्या गाड्या बाहेर यायला लागल्यात. एरंडवणे, प्रभात रोड, सहकारनगर, कोथरूडातल्या जुन्या सोसायट्या, कुठेही जा, जिन्याखाली नाहीतर मागच्या बाजूला कव्हर घातलेली एक फियाट असतेच, कव्हर फाटलेलं, चारी टायर बसलेले, काचेवरच्या धुळीत पोरांनी बोटाने नावं लिहिलेली. बिल्डरने तारीख दिली की काका-काकू म्हणतात न्या बाबा कुणीतरी, आणि मग आपल्यासारखा एखादा येडा तिच्यासमोर उभा राहून मनातल्या मनात तिला पॉलिश मारून सिंहगडाच्या पायथ्याला नेऊनसुद्धा आणतो.

तर पैसे द्यायच्या आधी, किंवा घरचीच गाडी असेल तर गॅरेजवाल्याला फोन लावायच्या आधी, काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं ते लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नवीन माणूस हमखास उलटा जातो. आधी कुठूनतरी बॅटरी आणतो, चालू होते का बघतो, चालू झाली की सगळे खूश आणि व्यवहार होऊन जातो. माझं मत विचाराल तर आधी कागद, मग पत्रा, मग पार्ट मिळतात का ते, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन पैसे टाकले की होतं. कागद कधीकधी पैसे टाकूनही होत नाहीत, आणि पत्र्यात किती जातील ते उघडल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

उदाहरणं जास्त करून फियाट-पद्मिनीची देतोय कारण आपल्याकडे तीच सगळ्यात जास्त सापडते. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ११००डी बनायला लागली, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास उत्पादन बंद पडलं. अँबॅसिडर, स्टँडर्ड हेराल्ड, काँटेसा, जुनी मारुती ८००, यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी कागद, गाडीला हातसुद्धा लावू नका

मूळ आरसी बुक मागा. झेरॉक्स नाही, मूळ. जुनं असेल तर छोट्या पुस्तकासारखं असतं, पानं पिवळी पडलेली, शाईचे शिक्के. त्यावर तीन गोष्टी बघायच्या. मालकाचं नाव कुणाचं, नोंदणी कुठल्या तारखेपर्यंत, आणि कर्जाचा बोजा कधी होता का, असेल तर उतरवलाय का. बँकेचं कर्ज कधीच फिटलेलं असतं पण आरसीवरून कुणी काढलेलं नसतं, आणि त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली की मजा बघा.

मग नाव. निम्म्या वेळा आरसीवरचे आजोबा हयात नसतात. अशा वेळी काकू कितीही प्रेमाने म्हणाल्या "अरे घेऊन जा, आमच्यातच राहील," तरी त्यांच्याकडून थेट तुमच्या नावावर गाडी होत नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागते, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आणि बाकीच्या वारसांचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यातला एक मुलगा अमेरिकेत आणि एक मुलगी बंगळुरूला. तिथून पुढे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन तुमचं नाव. हे सगळं विक्रेत्याने करून द्यायचं का तुम्ही, ते पैसे देण्याआधी ठरवा. आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो पुढचं तुम्ही बघा असं कुणी म्हणालं तर सरळ हात जोडा.

नंबर बघा. एमएच १२ असेल तर गाडी पुण्याचीच पासिंगची आहे, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवडची. एमएचच्या आधीचे तीन अक्षरी नंबर असतील तर गाडी १९८९ च्या आधी नोंदलेली आहे, आणि तिथे खरा प्रश्न येतो की ती आजच्या कॉम्प्युटरमध्ये आहे का. सरकारच्या 'वाहन' वेबसाइटवर किंवा 'परिवहन' ॲपवर नंबर टाकून बघा. दिसली तर छान. नाही दिसली तर जुन्या रजिस्टरमधून शोधून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी ज्या आरटीओने मूळ नंबर दिला तिकडेच जावं लागतं. मुंबई पासिंगची असेल तर मुंबई. एंट्री होईल असं आरटीओतून कळल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

हे इतकं ताणून सांगायचं कारण असं की खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी इन्स्पेक्टरसमोर चालत्या अवस्थेत न्यावी लागते. म्हणजे गाडी उभी राहिल्याशिवाय पासिंग नाही, आणि पासिंग होणार का हे तर गाडीवर खर्च करायच्या आधी कळायला हवं. या कात्रीत लोक अडकतात. शोरूमसारखी चकचकीत गाडी घरात उभी आणि गेटबाहेर काढता येत नाही, असे नमुने पुण्यात आहेत.

फीसुद्धा धरून चाला. २० वर्षांच्या वरच्या कारचं नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय, त्याआधी ५,००० होतं. मुदत संपून गेली असेल तर उशिराचे कारला महिन्याला ५०० रुपये असा केंद्राचा नियम आहे, त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, म्हणजे लोक ज्याला ग्रीन टॅक्स म्हणतात तो, मग इन्शुरन्स, पीयूसी आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. नेमका आकडा संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन आरसी दाखवून काढून घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

शेवटी आरसीवरचा चासीस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर-अक्षर जुळवा. बॉनेट उघडा, प्लेट आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर दोन्ही शोधा, घाण असेल तर रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो. चासीस नंबर जुळत नसेल तर विषय तिथेच संपला, गाडी कितीही सुंदर असो. इंजिन नंबर जुळत नसेल तर थोडी आशा आहे. त्या काळात पेट्रोल परवडत नाही म्हणून कित्येकांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं, गॅस किट लावलं, त्यातल्या काहींनी आरसीवर नोंद केली, बऱ्याच जणांनी नाही केली. नोंद नसलेलं इंजिन म्हणजे आणखी एक फेरा.

पन्नाशी ओलांडलेली गाडी असेल तर

इथे नवीन लोक फार गोंधळतात म्हणून वेगळं सांगतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासीस-बॉडी-इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात, आणि ज्यांचा जुना नंबर आहे त्यांना तो ठेवता येतो. सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे या वयात यायला लागल्यात, त्यामुळे विकणारेही हल्ली "व्हिंटेज आहे हो" म्हणत भाव चढवतात.

पण बारीक अक्षरात काय आहे बघा. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणे, एवढंच. तुम्हाला रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन मिसळ खायला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं. आणि उलट, व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर मेकॅनिक कितीही म्हणाला "साहेब मारुतीचं इंजिन टाकून देतो, टेन्शनच नाही," तरी नाही म्हणा, कारण मग ती मूळ रूपात राहिलीच नाही.

पत्रा: इथेच निम्मा निकाल लागतो

आता गाडीकडे. जाताना जुनी पँट, टॉर्च, एक लोहचुंबक, जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर, जॅक आणि अंगाखाली घालायला एक पोतं न्या. घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, असतील तर त्याही, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, जुन्या गाडीखाली तर मुळीच नाही, कारण जॅक जिथे लावतो तोच पत्रा कुजलेला असू शकतो.

फियाट आणि अँबॅसिडर दोन्हींना खाली वेगळा चासीस नाही. बॉडी हाच सांगाडा. दारावर किंवा मडगार्डवर गंज दिसतो तो डोळ्यांना खुपतो पण तो स्वस्तातला गंज आहे, तो पत्रा बदलता येतो. खरा धोका न दिसणाऱ्या जागी असतो. जीप किंवा हेराल्डला खाली वेगळा चासीस आहे, तिथे आधी चासीसच तपासा, हेराल्डमध्ये चासीसपासून बाहेर आलेले आधाराचे हात सडतात, वर बॉडी ठीक दिसत असली तरी.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला. बहुतेक वेळा खाली अजून एक मॅट असतं, त्याखाली ज्यूट नाहीतर जुनं कार्पेट, ओलं असेल तर कुबट वास येतोच. ते सगळं बाजूला करून क्लच पेडलच्या मागचा कोपरा, जिथे फ्लोअर वर फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि आतल्या जागेच्या मधल्या पत्र्याकडे वळतो, तिथे टॉर्च मारा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकं दाबा. चांगला पत्रा ओरखडा दाखवतो आणि गप्प बसतो. कुजलेल्या पत्र्यात टोक बिस्किटात गेल्यासारखं आत जातं आणि खालून तपकिरी भुगा जमिनीवर पडतो. हे इथेच का होतं, तर पुढच्या काचेखाली बॉनेट आणि काच यांच्या मधे जी हवेची जाळी असते तिच्यात पानं साठतात, गाडी झाडाखाली असेल तर शेवग्याची, गुलमोहोराची बारीक पानं, त्यांचा लगदा होतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि चार महिने पावसाचं पाणी आतल्या आत ठिबकत राहतं. वरून गाडी कोरडी दिसते, आत सडत असते. तेव्हा ती जाळी बघा, बोट घाला, लगदा आहे का.

मग दाराखालची लांब पेटीसारखी पट्टी, सिल म्हणतात तिला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ठोकत जा. टण टण आवाज येत असतो आणि मधेच थप होतो, तिथे आत पुट्टी आहे नाहीतर काहीच नाही. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. थोडी पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असणार, त्याने घाबरायचं नाही, पण सिलवर, जॅक लावायच्या जागी आणि मागचे पाटे, म्हणजे चाकाच्या पट्टीच्या स्प्रिंगा, जिथे बॉडीला बसतात त्या जागी पुट्टी असेल तर कुणीतरी भोक झाकून ठेवलंय. पाट्यांच्या जागा नीट बघा. तिथला पत्रा गेला तर मागचं चाक गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही.

पुढे डिकी. स्टेपनी काढा, तिच्याखालचा खड्डा बघा, पाणी साठलेल्याची रेघ दिसते का. सगळी दारं एकेक करून अर्धी उघडून वर उचलून बघा, बिजागरी ढिली आहे का खांबच हलतोय ते कळतं. मग दारं बंद करून गाडीपासून लांब जा आणि दाराच्या फटी बघा. वरून खालपर्यंत सारखी असावी. वर बारीक आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे बसलीय नाहीतर कधीतरी जोरात ठोकलीय.

रंगाचे थर बघायला दाराच्या आतली कड आणि डिकीच्या रबराखालचा पत्रा. पांढऱ्याखाली पिवळा आणि काळा निघाला तर ती मुंबईची टॅक्सी होती, दिवसरात्र चाललेली, समुद्राची हवा खाल्लेली. मुंबईत शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, त्यातल्या काही गाड्या रंग बदलून घाटावर आलेल्या दिसतात. टॅक्सी म्हणून नोंदलेली गाडी खाजगीत बदलून घेतलीय का ते आरसीवर दिसेल. मी तरी अशी गाडी पार्टसाठीच घेईन.

पुण्याच्या गाड्यांचा एक फायदा आहे, आपल्याकडची हवा कोकणापेक्षा पुष्कळ कोरडी. आयुष्यभर इथेच राहिलेली आणि छपराखाली असलेली गाडी आश्चर्य वाटावं इतकी चांगली निघू शकते. पण गाडी कुठे उभी होती ते विचारा. सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला पार्किंगच्या पार्किंग पाण्याखाली गेली, जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत आणि पुलाच्या वाडीत तेच. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटच्या खालच्या स्प्रिंगा, दाराच्या आतल्या पुठ्ठ्याची खालची कड आणि डॅशबोर्डच्या मागे वायरींवर बसलेली बारीक मातीची पूड बघा. ती पूड कुणी पुसत नाही.

पत्र्याचा निकाल असा लावा: फ्लोअर गेलाय पण सिल आणि पाट्यांच्या जागा शाबूत, तर होण्यासारखी गाडी. सिल गेलेत पण एकाच बाजूचे, तर चांगला डेंटर असेल तरच. दोन्ही सिल, पाट्यांच्या जागा आणि पुढच्या काचेखालचा भाग, तिन्ही गेले असतील तर सोडा, इंजिन सोन्याचं असलं तरी.

पार्ट: मोठ्यांची चिंता नको, छोट्यांची करा

लोक गिअरबॉक्सची चिंता करतात आणि गाडी अडते मागच्या दिव्याच्या काचेवर. फियाटचे इंजिनाचे, ब्रेकचे, क्लचचे पार्ट आजही मिळतात, नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरलात तर बरंच काही जमतं, नाही मिळालं तर कुर्ला आहेच. न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे बाहेरचं साजशृंगाराचं सामान. पुढची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, नावाचे बिल्ले, बंपरचे कोपरे, व्हील कॅप, दाराची आतली हँडलं, मीटर, आणि पुढची काच. हे सगळं गाडीवर आहे का त्याची यादी करा आणि एकेकाचा फोटो काढा. दहा छोट्या गोष्टी गायब असतील तर वर्षभर जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारायची तयारी ठेवा, तसा तो छंद वाईट नाही, पण बायकोला आधी सांगून ठेवा.

क्रोमवर नख फिरवा. नुसतं मळकट असेल तर पॉलिशने येतं, खड्डे पडले असतील तर घासून पुन्हा प्लेटिंग करावं लागतं आणि ते अंदाजापेक्षा महागच पडतं.

गाडीगणिक फरक आहे. अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती त्यामुळे सामानाची चिंता सगळ्यात कमी, मात्र अगदी जुन्या मॉडेलची जाळी आणि डॅशबोर्ड नव्याचे बसत नाहीत. काँटेसाला नंतरच्या काळात इसुझूचं १.८ लिटर इंजिन होतं, ते जबरदस्त आहे, पण बाहेरचं आणि आतलं सामान शोधताना नाकी नऊ येतात. १९८३ ची पहिली मारुती ८०० आता हौशी लोक शोधत असतात, तिचं इंजिन कुणीही करेल, पण त्या पहिल्या बॉडीचे दिवे, बंपर वेगळे आहेत. परदेशी गाडी असेल तर पार्टच्या किमतीवर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरा आणि मग पुन्हा विचार करा.

आता इंजिन, आणि किल्ली अजूनही खिशातच

विकणारे काका सांगणार, "लावली तेव्हा चालू होती हो." सगळ्याच गाड्या लावल्या तेव्हा चालू होत्या. त्याला काही अर्थ नाही.

वर्षानुवर्षं बंद इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा थर आलेला असतो, पिस्टनच्या रिंग चिकटलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला चरा पडतो आणि हजारात होणारं काम लाखाकडे सरकतं. आधी डिपस्टिक काढा. तेल काळं असेल तर काही नाही, दुधाच्या चहासारखं दिसलं तर तेलात पाणी गेलंय, गॅस्केट किंवा त्याहून वाईट. रेडिएटरचं झाकण उघडा, तांबडं गंजाचं पाणी असेल किंवा पाणीच नसेल तर आतले मार्ग तुंबलेत असं धरा.

मग चारी स्पार्क प्लग काढा, क्रमाने ठेवा. प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडा आणि किमान रात्रभर तसंच राहू द्या, जाम वाटलं तर आठवडाभर, अधूनमधून अजून थोडं सोडत. नंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूहळू ढकला, किंवा पुढून हँडल मारायची सोय असेल तर हाताने फिरवून बघा. फिरलं तर अर्धं टेन्शन गेलं. नाही फिरलं तर किंमत बोलताना फुल इंजिनकाम धरूनच बोला.

फिरत असेल तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, बघून घ्या. आकडा किती येतो त्यापेक्षा चारी सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आहेत का ते बघायचं. एक कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा बघा, आकडा वाढला तर रिंगचा दोष, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन काय फार गुंतागुंतीचं नाही, रिबोअर, पिस्टन, बेअरिंग, हे काम करणारे लेथवाले भोसरी-चिंचवडच्या बाजूला ढिगाने आहेत. म्हणूनच म्हणतो इंजिन शेवटी बघा.

चालू करायचीच असेल तर टाकीतलं पेट्रोल वापरू नका. झाकण उघडून वास घ्या, जुन्या वार्निशसारखा आला की टाकी उतरवून धुवायला लागणार. बाहेरच्या एका बाटलीतून ताजं पेट्रोल द्या. आणि एक नवीन काळजी, आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं, जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरच्या आतल्या रबरी वस्तू त्याने फुगतात, चिरतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून टाकी आतून गंजते. तेव्हा पेट्रोलचे सगळे पाइप नवीन, इथेनॉल सोसणारे, हा खर्च कुठल्याही जुन्या गाडीत धराच.

ब्रेक चालतायत का हा प्रश्नच विचारू नका, चालत नाहीत असं धरा. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरची रबरं, पाइप, सगळं नवीन. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार, पेठेतल्या वाड्यातली गाडी असेल तर घुशींनी फ्लोअरवर संसारसुद्धा थाटलेला असतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही चांगली दिसली तरी इतके जुने टायर बदलायचेच. यातलं काहीच निर्णय बदलणारं नाही, फक्त हिशोबात धरायचंय.

कोण करणार, कुठे करणार

हा मुद्दा लोक सोडून देतात आणि गाडी दुसऱ्या पार्किंगमध्ये जाऊन पुन्हा सडते. जुन्या गाडीचं काम करणारे चाचा, मामा पुण्यात अजून आहेत, कार्बोरेटर कानाने लावणारे, पण कमी होत चाललेत आणि त्यांच्याकडे रांग आहे. गाडी घेण्याआधी त्यांना दाखवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट बघायला बोलावलं की फुकट सल्ला मिळतो. डेंटर निवडताना त्याच्याकडे रंग दिलेली गाडी बघू नका, उघडी पडलेली, वेल्डिंग चाललेली गाडी बघा. नवा पत्रा कापून बसवतोय का जुन्या गंजावर पॅच मारून वर पुट्टी थापतोय ते तिथे दिसतं.

काम चालू असताना गाडी महिनोन्महिने सुटी पडलेली असणार. छपराची जागा लागते. सोसायटीत दुसऱ्या गाडीच्या पार्किंगवरून आधीच भांडणं असतील तर चाकं काढलेली फियाट विटांवर उभी केल्यावर कमिटीची नोटीस यायला वेळ लागत नाही.

हिशोब

वही घ्या, मोबाइलमध्ये नको. कागदांचा खर्च, पत्रा, रंग, इंजिन, ब्रेक-वायरिंग-टायर, सीट आणि रबरं, क्रोम, टोइंग, असे रकाने करा आणि प्रत्येकासाठी दोन माणसांकडून भाव घ्या. जी बेरीज येईल तिच्या दीडपट धरा, आणि मेकॅनिक जो वेळ सांगेल त्याच्या दुप्पट. हा माझा ठोकताळा आहे, पण पत्र्याच्या रकान्यात तर दीडपटही कमी पडते.

मग तशीच, झालेली, कागद चालू असलेली गाडी बाजारात कितीला मिळते ते बघा. जवळजवळ नेहमी तयार गाडी स्वस्त पडते. त्यामुळे विकून पैसे कमवायचे असतील तर हा धंदा नाही. फियाट पाहिजे एवढंच असेल तर तयार घ्या. आजोबांचीच गाडी आहे, याच गाडीतून लहानपणी गणपती आणला होता, असं असेल तर हिशोब वेगळा, तिथे फायद्याचा प्रश्न येत नाही, फक्त पैसे वर्षभर पुरतील ना एवढंच बघायचं. आणि अशा घरच्या गाडीत कागद आणि सिल शाबूत असतील तर मी कुणालाही करच म्हणेन.

मधला मार्गही आहे. पूर्ण रिस्टोअर न करता चालती करायची. ब्रेक, पेट्रोल लाइन, टायर, वायरिंग, पासिंग, आणि बाहेरचा जुना रंग तसाच ठेवून नुसतं धुऊन पॉलिश. पुण्यात कोरड्या हवेत टिकलेला मूळ रंग असेल तर तो घासून नवा मारू नका, तसा परत मिळत नाही.

ठरलं तर गाडी ओढत न आणता फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच आणा, ब्रेक नसलेली गाडी दोरीने ओढून आणणं म्हणजे पुढच्या गाडीचीही वाट.

नाही ठरलं तरी ती भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नका, हे मालकालाही सांगा. आरसी रद्द केल्याशिवाय गाडी गेली तर कागदावर ती आजोबांच्याच नावावर राहते आणि तिच्या चासीस नंबरवर उद्या कोण काय करेल सांगता येत नाही. सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द व्हायची सोय होते. त्याआधी एकदा जुन्या फियाटवाल्या लोकांना विचारा, जाळी, काच, बिल्ले, मीटर यासाठी कुणीतरी शोधत असतोच, आणि असं सामान तुम्हाला पुढच्या गाडीला लागणार असेल तर मालकाला विचारून, त्याचे पैसे देऊन, काढून ठेवा, पुड्यांवर नावं लिहून.